बेट सोडून, एकटीनं

ताडोबातली ग्रुप-सुट्टी संपली. बाकीचे नागपूरच्या विमानाला लागले आणि मी गडचिरोलीच्या एसटीला. सोलो ट्रिपची खरी तयारी बॅगेत नसते, तर कशात असते, त्याची ही गोष्ट.

सुट्टीचं एक ठरलेलं गणित असतं. पहिला दिवस ऑफिस विसरण्यात जातो. दुसऱ्या दिवशी आपण खरंच सुट्टीवर आहोत हे पटतं. तिसरा दिवस सगळ्यात भारी! आणि चौथ्या दिवशी सकाळपासूनच ग्रुपमधलं कुणीतरी वेब चेक-इन करायला लागतं. चेहरे पडतात, चार्जर शोधले जातात, आणि 'पुढच्या वर्षी पुन्हा इथेच हं' अशी आणाभाका घेतली जाते. ती कुणी पाळत नाही ही गोष्ट वेगळी.

त्यातून सुट्टी ताडोबातली असेल तर विचारूच नका. कारण ताडोबा म्हणजे एक बेट आहे. समुद्र नाही, नारळ नाहीत, पण बेटच! बांबूच्या गचपणालाही आपण मराठीत बेट म्हणतो आणि इथे अशी बेटं पावलोपावली दिसतात. शिवाय कोअरमध्ये सफारीला जाताना मोबाइलला बंदी. सकाळी अंधारात जिप्सीत बसायचं, गार वारा खात आत शिरायचं आणि पुढचे चार तास जगात फक्त पाचच आवाज: पानांचा, पाखरांचा, चितळाच्या कॉलचा, वानराच्या खाकरण्याचा आणि 'ताई, तिकडं बघा' असं कुजबुजणाऱ्या गाइडचा. क्लायंट, मेल, अप्रेझल सगळं गेटबाहेर.

या बेटाला इतिहासही आहे. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ मध्ये शेजारचं अंधारी अभयारण्य आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. ताडोबा हे नाव तारू या देवावरून आलं म्हणतात. तारू हा इथल्या गावाचा प्रमुख. वाघाशी झुंजताना तो गेला आणि तळ्याकाठी त्याचं ठाणं झालं, अशी गोष्ट इथले लोक सांगतात. मोहर्लीहून तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं जुने दगडी खांब उभे दिसतात. गोंड राजांच्या काळात या खांबांमधून दोर ओवलेला असायचा, राजाची स्वारी निघाली की दोर ओढून घंटा वाजवत निरोप पुढे जायचा, असं गाइड सांगतात. थोडक्यात, राजासुद्धा निघण्याआधी पुढच्या माणसाला कळवून निघायचा. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बाकीचे निघाले

मार्चचा महिना होता. पळस पेटलेला, सागाची पानं गळून रान विरळ झालेलं. आम्ही पाच जण. सगळे एकेकाळी एकाच ऑफिसात, आता तीन शहरांत. सोमवारी सकाळची शेवटची सफारी करून सगळे परत निघणार होते, कारण मंगळवारी ताडोबा बंद असतं. माझ्या मात्र आठवडाभराच्या सुट्ट्या शिल्लक होत्या. ३१ मार्चला लॅप्स होणाऱ्या! आणि शाळेत असताना 'प्रकाशवाटा' वाचल्यापासून डोक्यात एक नाव अडकून बसलेलं होतं. हेमलकसा. ताडोबापर्यंत आलोय, मग पुढे गडचिरोलीत का नाही?

ग्रुपला हे सांगितलं तेव्हा दोन मिनिटं शांतता. मग चौघांचे चार सूर. एक म्हणाला, 'सही! बिनधास्त जा.' दुसरी म्हणाली, 'वेडी आहेस का?' तिसऱ्यानं थेट मॅप उघडला. चौथी मात्र काहीच बोलली नाही. तिनं निघताना तिचा पॉवर बँक माझ्या हातात ठेवला. मैत्रीचे प्रकार असे पॅकिंगच्या वेळी कळतात.

घरचा फोन यापेक्षा अवघड होता.

'गडचिरोली? एकटी? अगं, तिकडे नक्षलवादी असतात ना?' आई.

'कॅन्सल कर आणि त्यांच्याबरोबर ये परत.' बाबा, मागून.

हसून सोडून द्यावी अशी ही भीती नाही. गडचिरोलीचं नाव आपल्या पिढीनं ऐकलं तेच मुळी स्फोट आणि चकमकींच्या बातम्यांत. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा, तीन चतुर्थांशाहून जास्त भाग जंगलाखाली, आणि मुंबई-पुण्याच्या माणसाला त्याबद्दल एवढी एकच गोष्ट ठाऊक. पण गेल्या काही काळात चित्र बदललंय. १ जानेवारी २०२५ ला अहेरी ते गर्देवाडा अशी एसटी सुरू झाली. त्या भागात स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच एसटी पोचली. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीतच शरण आला. म्हणजे आता सगळं गुलाबी झालं, असं नाही. आडरस्त्याला शिरायचं नाही, अंधार पडल्यावर प्रवास करायचा नाही, हे नियम आहेतच. पण भीती जुन्या बातम्यांवर चालते आणि प्रवास आजच्या माहितीवर, एवढं आईला सांगता आलं.

खरे धोके वेगळेच आहेत आणि ते फारसे फिल्मी नाहीत. एक म्हणजे रस्ता. सुरजागडच्या लोहखनिजाचे अवजड ट्रक आलापल्ली-आष्टी मार्गावर धावतात. त्या रस्त्यावर स्वतःची बाइक घेऊन हिरोगिरी करण्यापेक्षा एसटी बरी. दुसरा धोका मलेरियाचा. राज्यातले मलेरियाचे रुग्ण जास्त सापडणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोली वर्षानुवर्षं पुढे आहे. त्यामुळे पूर्ण बाह्यांचे कपडे, डास पळवणारं क्रीम आणि मच्छरदाणी. परत आल्यावर ताप आलाच तर डॉक्टरला 'गडचिरोलीला जाऊन आलेय' हे पहिल्या वाक्यात सांगायचं. तिसरा धोका म्हणजे नेटवर्क नसणं. हा धोका कसला, असं वाटेल. पण घरच्यांसाठी सगळ्यात मोठा हाच.

'कोणाकडं?'

शेवटच्या सफारीला आमच्याबरोबर एक बाई गाइड होत्या. मोहर्ली भागातल्या गावांतल्या बऱ्याच बायका आता हे काम करतात. खाकी गणवेश, पक्की नजर आणि बोलणं मोजकं. पाणवठ्यावर वाघाची वाट बघत अर्धा तास गाडी उभी होती. तेव्हा मी त्यांना हळूच माझा प्लॅन सांगितला. वाटलं, त्या तरी शाबासकी देतील. जंगलात नोकरी करणारी बाई, तिला कसली भीती?

त्या म्हणाल्या, 'आमच्याकडं रानात एकटं कोणी जात नाही, मॅडम. मोहाला निघालो तर दहा-बारा बाया सोबत निघतो. बोलत, आवाज करत जातो.'

मग थोडं थांबून विचारलं, 'कोणाकडं चालल्या?'

मी म्हटलं, 'हेमलकसाला.'

'ते कुठं झालं. कोणाकडं?'

वाघ काही त्या दिवशी आला नाही. पण हा प्रश्न मात्र जिप्सीतून उतरल्यावरही सुटेना. शहरात आपण प्रवासाची आखणी 'कुठे' या शब्दानं करतो. कुठे राहायचं, कुठे जेवायचं, कुठे फोटो छान येतो. चंद्रपूरच्या गावांत पहिला प्रश्न 'कोणाकडं' असतो, आणि त्याला कारण आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं आणि मे महिन्यात तेंदूपानं गोळा करायला बायका पहाटे रानात जातात. वाकून काम करणाऱ्या माणसावर वाघाचा हल्ला झाल्याच्या बातम्या या जिल्ह्यात दर उन्हाळ्यात येतात. वनखात्याचं सांगणंही तेच असतं: एकट्यानं जाऊ नका, गटानं जा. आपण आठ-दहा हजार रुपये मोजून ज्या वाघाला बघायला येतो, त्याच वाघाच्या शेजारी राहून त्यांना घर चालवायचं असतं. अशा ठिकाणी 'सोलो' हा शब्द स्टायलिश वाटत नाही. कुणालाही न सांगता गेलेला माणूस म्हणजे उशिरा शोधला जाणारा माणूस.

म्हणजे मग जाऊच नये का? तसं नाही. बाईंनीच पुढे सांगितलं, की अहेरीकडे जायचं तर सकाळची गाडी पकडा, कंडक्टरला कुठे उतरायचं ते बसतानाच सांगा आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसा. त्यांच्या नात्यातलं एक घर आलापल्लीला होतं. तो नंबरही त्यांनी मला लिहून दिला. वहीच्या पानावर, पेननं. 'रेंज नसली तर फोनातला नंबर काय कामाचा?' असं वर ऐकवलं!

एकट्यानं प्रवास करायला माणसं कमी नाही, जास्त लागतात. ग्रुपमध्ये असताना चार मित्र पुरतात. एकटं निघालं की घरचे, लॉजवाला, कंडक्टर, पुढच्या गावातलं कुणीतरी अशी साखळीच उभी करावी लागते. त्या दगडी खांबांसारखी. एका खांबानं दुसऱ्याला सांगायचं, 'निघालीय बरं का.'

चंद्रपुरात एक रात्र

दुपारी सगळ्यांना टाटा करून मी मोहर्लीहून चंद्रपूरची बस धरली. तासाभराचाच रस्ता, पण बेट सोडल्याचं तिथे नीट समजतं. आधी जंगल, मग इरई धरणाचं पाणी, आणि मग अचानक समोर वीजकेंद्राच्या उंच चिमण्या! ज्या विजेवर आपल्या शहरातले एसी चालतात, त्यातली काही इथे तयार होते आणि राख इथेच राहते. ताडोबाच्या रिसॉर्टमध्ये बसून हे दिसत नाही. एसटीच्या खिडकीतून दिसतं.

जटपुरा गेटच्या आत शिरलं की जुनं चंद्रपूर सुरू होतं. गोंड राजांच्या या राजधानीचा परकोट अजून उभा आहे. संध्याकाळी अंचलेश्वर मंदिराशेजारच्या समाध्या बघायला गेले. राणी हिराईनं नवरा बीरशाह याच्या मृत्यूनंतर त्याची समाधी इथे बांधली आणि दत्तक मुलगा लहान असताना राज्यकारभारही सांभाळला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. एकट्या बाईनं काय काय सांभाळलंय या गावात, आणि मी इथे एका बॅगेचं टेन्शन घेऊन बसलेय, असं वाटून हसू आलं.

रूमवर आल्यावर मात्र रडू आलं. खोटं कशाला बोला? चार दिवस पाच जणांचा कल्ला, आणि आता ट्यूबलाइटचा आवाज. ग्रुपवर एअरपोर्टचे फोटो येत होते. परत जावं असं वाटणारी हीच ती वेळ. एकट्यानं प्रवास केलेल्या कुणालाही विचारा, पहिली संध्याकाळ सगळ्यात वाईट असते. तिच्यावर उपाय एकच, हातांना काम देणं. म्हणून मी बॅग पूर्ण रिकामी केली आणि नव्यानं भरायला घेतली.

बॅगेत काय, वहीत काय

बॅगेत: दोन जोड कपडे, पातळ शाल, टॉर्च, ओआरएसची पाकिटं, डासांचं क्रीम, पाण्याची बाटली, ओळखपत्राच्या दोन झेरॉक्स. मार्चमध्येच चंद्रपूरचा पारा चढायला लागतो आणि मेमध्ये तो देशातल्या सगळ्यात तापलेल्या शहरांशी स्पर्धा करतो, म्हणून टोपी आणि सुती ओढणी मस्ट. चार दिवस पुरतील एवढे सुट्टे पैसे, कारण यूपीआयला रेंज लागते आणि आतल्या भागात एटीएम दर नाक्यावर नसतं. तीन जोड बूट, हेअर स्ट्रेटनर आणि लॅपटॉप मैत्रिणीबरोबर परत. लॅपटॉप देताना हात थरथरला, पण दिला.

वहीत: लॉजचा नंबर. आलापल्लीच्या त्या घराचा नंबर. हेमलकसाच्या लोक बिरादरी प्रकल्पाचा नंबर. तिथे येण्याबद्दल मी महिनाभर आधी कळवलं होतं आणि होकारही आला होता. हे फार महत्त्वाचं. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ ला सुरू केलेला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी उभा केलेला हा प्रकल्प म्हणजे टुरिस्ट स्पॉट नव्हे. तिथे दवाखाना चालतो, माडिया मुलांची निवासी शाळा चालते. २००८ मध्ये या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१४ मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला आणि तेव्हापासून सेल्फीवाल्यांचा ओघ वाढला. आपण जायचं ते पाहुण्यासारखं. विचारून, वेळ पाळून आणि पेशंटचे फोटो न काढता.

आई-बाबांशी रात्री करार झाला. मंगळवारी आलापल्लीला पोचल्यावर फोन. बुधवारी हेमलकसाला पोचेपर्यंत फोन नाही, आणि पोचल्यावरही लागला तर लागला. गुरुवारी संध्याकाळी सातपर्यंत काहीच कळलं नाही, तर वहीतल्या त्या नंबरांवर विचारायचं. त्याआधी पॅनिक व्हायचं नाही. बाबांनी सगळे नंबर स्वतःच्या डायरीत उतरवून घेतले. मग म्हणाले, 'आता ठीक आहे.' माझ्या लक्षात आलं की मी जाण्याला त्यांचा विरोध नव्हताच. आपल्याला काही कळणार नाही, याला विरोध होता. 'बी ब्रेव्ह' वगैरे भाषणांपेक्षा तीन नंबर आणि एक वेळ यांनी काम झालं.

तुम्हाला जायचं असेल तर

सगळ्यांनी एकदम भामरागडलाच जायला हवं असं नाही. पहिल्यांदा एकट्यानं निघत असाल तर सोप्या ठिकाणापासून सुरुवात करा. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा देवस्थान आहे. नदी इथे उत्तरेला वळते, देवळांवरची शिल्पं बघायला दिवसही कमी पडतो आणि महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते.

गडचिरोलीहून धानोरा रस्त्यावर मेंढा-लेखा आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' असं म्हणणारं गाव. २००९ मध्ये या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायचा अधिकार. तिथेही जायचं ते ग्रामसभेला आधी कळवूनच. आलापल्लीहून भामरागडकडे जाताना 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' नावाचा जुन्या, प्रचंड सागवृक्षांचा राखीव तुकडा लागतो. २०१४ मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरलं. मान वर करून बघा, टोपी पडेल!

आणि पावसाळ्यात आत जाण्याचा हट्ट नको. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम भामरागडला आहे. पर्लकोटेला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो. २०२४ मध्येही तो तुटला होता. आपण चार दिवसांच्या सुट्टीला लाडानं बेट म्हणतो. इथल्या लोकांना दवाखान्यात न्यायचा पेशंट घरात असताना बेटावर अडकणं म्हणजे काय, ते माहीत असतं.

जाता जाता एक शब्द शिकून ठेवा. 'जोहार'. गोंड-माडिया गावांत नमस्कारासाठी तो पुरतो. बाकीचं संभाषण समोरचा माणूस सांभाळून घेतो.

सकाळची गाडी

मंगळवारी सकाळी स्टँडवर तर्री-पोहे खाल्ले आणि गाडीत चढले. ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली. शेजारी एक आजी, पायाशी तांदळाची पिशवी. कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडलं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे. सोलो ट्रिपला यापेक्षा चांगला डिस्काउंट कुठल्या ट्रॅव्हल साइटवर मिळतो?

'कुठं जाऊन राहिल्या, मॅडम?' कंडक्टर.

'आलापल्ली. उद्या पुढे हेमलकसा.'

बल्लारपूरच्या दिशेनं गाडी वळली. आजींनी पिशवी जरा सरकवून माझ्या बॅगेला जागा करून दिली. मला नीट निरखलं, एकटीच आहे याची खात्री करून घेतली आणि मला अपेक्षित असलेला प्रश्न विचारला.

'कोणाकडं वं, बाई?'

या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. मी वही काढली आणि वाचून दाखवायला सुरुवात केली.